फाईलमध्ये नसलेला कागद

पुण्याच्या हॉस्पिटलात आप्पांना अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरवलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आयसीयूच्या दारात एक तरुण डॉक्टर उभ्या होत्या. त्यांनी आप्पांची नाडी पाहिली, व्हेंटिलेटरचे आकडे पाहिले आणि माझ्यापुढे हात केला. "आधीचे कल्चर रिपोर्ट द्या."

माझ्याकडे निळी फाईल होती. अकरा दिवसांची. त्यात एक्स-रे होते, साखरेचे रोजचे तक्ते होते, मेडिकलची बिलं तर इतकी की फाईल मिटत नव्हती. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, लघवीच्या मार्गातून रक्तात जंतुसंसर्ग, अँटिबायोटिक दिली, नातेवाइकांच्या विनंतीवरून पुढे पाठवत आहोत. जंतू कोणता, तो कुठल्या औषधाला दाद देतो, कुठल्याला देत नाही, हे कल्चरच्या रिपोर्टात असतं, आणि त्याबद्दल एक ओळ नाही. मी तिथंच फरशीवर बसून सगळे कागद पसरले. तो कागद नव्हता.

"कल्चर पाठवलं तरी होतं का?"

पाठवलं होतं. बिलात दोनदा लावलेलं होतं. पैसे आम्ही भरले होते.

आप्पा तेव्हा ६८ वर्षांचे. बार्शी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती, ज्वारी आणि तूर. साखरेचा त्रास बारा वर्षांपासून, त्यात प्रोस्टेट वाढलेलं. लघवी अडकायची, जळजळ व्हायची, अंगात कणकण यायची. मग स्टँडजवळच्या मेडिकलात जाऊन "मागच्या वेळच्याच द्या" म्हणायचं. दोन दिवस गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात. पुढच्या खेपेला आधी डबा उघडायचा. हे चार-पाच वर्षं चाललं आणि त्यात मीही होते. पुण्याहून गावी जाताना त्याच गोळ्या मी स्वतः घेऊन गेले आहे. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी पाहून आणि रजिस्टरला नाव लिहूनच ती द्यायची. पाकिटावर लाल चौकटीत तसा इशारा छापलेला असतो. आमच्या डब्यातल्या पाकिटांवरही तो होता. आम्ही कधी वाचला नव्हता.

ऑगस्ट २०२३ मध्ये आप्पांना हुडहुडी भरून ताप आला आणि संध्याकाळपर्यंत ते असंबद्ध बोलायला लागले. दादानं त्यांना सोलापूरला नेलं. लघवीची नळी घातली, आयसीयू झालं, तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लागला. मेरोपेनेम सुरू होतं. भारी औषध आहे, एवढंच आम्हाला सांगितलं होतं. अकराव्या दिवशी ताप १०३ आणि रक्तदाब औषधांच्या आधारावर. तेव्हा आम्ही पुण्याला आणायचं ठरवलं.

त्या पहिल्या रात्री पुण्यात काय काय केलं ते मला क्रमानं आठवतं. आधी जुनी लघवीची नळी काढून नवी घातली, मग लघवी तपासणीला घेतली, कारण जुन्या नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर धरलेला असतो आणि त्यातून नमुना घेतला तर नळीतले जंतू मोजले जातात. दोन्ही दंडांतून रक्त घेऊन बाटल्यांत भरलं. श्वासनळीतला स्राव घेतला. आणि शेवटी शौचाच्या जागेतून स्वॅब. आईला ते फार लागलं. "आजार लघवीचा, अन् त्यांची असली तपासणी कशाला करता गं?" सिस्टर थांबल्या, आईच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "आजी, हे जंतू आतड्यात घर करून राहतात. आजार कुठंही दिसू दे, मुक्काम तिथं असतो. दुसऱ्या आयसीयूतून येणाऱ्या प्रत्येकाची आम्ही ही तपासणी करतो." रिपोर्ट येईपर्यंत आप्पांना वेगळी खोली. दारावर पिवळी पाटी, दाराशी गाऊन आणि हातमोजे, भिंतीला सॅनिटायझर.

कागद नसल्यामुळे पहिलं औषध अंदाजानं द्यावं लागलं. कोलिस्टिन. पन्नासच्या दशकातलं हे औषध मूत्रपिंडं बिघडवतं म्हणून सत्तरच्या दशकात जवळपास बाजूला ठेवलं होतं. आता बाकीची औषधं निकामी व्हायला लागल्यावर ते परत काढलं आहे. आप्पांचं क्रिएटिनिन आधीच दोनच्या वर होतं, म्हणजे मूत्रपिंडं आधीच थकलेली. डॉक्टर म्हणाल्या, "मला दुसरं काही द्यायला आवडलं असतं, पण काय देऊ, हे मला माहीत नाही."

रक्ताच्या बाटलीत चौदा तासांतच जंतू वाढले. त्यावरून जनुकांची तातडीची तपासणी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी औषध बदललं. बाकीचे रिपोर्ट तुकड्यातुकड्यानं येत राहिले. चौथ्या दिवशी मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमनी दादाला आणि मला खाली त्यांच्या खोलीत बोलावलं. नातेवाइकांना लॅबमधल्या डॉक्टर भेटतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी टेबलावर चार कागद मांडले.

रक्तात क्लेब्सिएला. लघवीत तोच क्लेब्सिएला. श्वासनळीत अ‍ॅसिनेटोबॅक्टर. स्वॅबमध्ये क्लेब्सिएला, आणि त्याच्यासोबत ई. कोलाय. एका माणसाच्या अंगात तीन जातींचे जंतू, आणि तिन्ही मेरोपेनेमला न जुमानणारे.

त्या कागदांवर डावीकडे औषधांची नावं असतात आणि समोर एक अक्षर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे मधलं. दादा बोटानं ओळी मोजत खाली गेला. आर, आर, आर. अगदी तळाशी कोलिस्टिनसमोर आय. त्याला वाटलं, आय म्हणजे निदान थोडं तरी बरं. मॅडम म्हणाल्या, कोलिस्टिनला आता एस देतच नाहीत. २०२० पासून त्याची सगळ्यात चांगली पायरीच आय आहे, इतका त्याचा भरवसा कमी आहे. आणि पहिल्याच ओळीतला अँपिसिलिनचा आर पाहून घाबरू नका, क्लेब्सिएला त्या औषधाला जन्मतःच दाद देत नाही. कुठला आर नेहमीचा आणि कुठला जिवावरचा, हे कुणी शेजारी बसून सांगितल्याशिवाय कळत नाही. आम्हाला सांगणारं माणूस भेटलं.

मग मी विचारलं, तीन वेगवेगळे जंतू एकाच वेळी इतके निबर कसे झाले? मॅडमनी कागदाच्या पाठीवर दोन लंबगोल काढले आणि एका लंबगोलात एक छोटं कडं. ते कडं म्हणजे प्लाझ्मिड, जनुकांचा सुटा तुकडा. औषध फोडून टाकणाऱ्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, कृती त्यात लिहिलेली असते आणि एक जंतू ती शेजारच्या जंतूला देऊ शकतो. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. आप्पांच्या क्लेब्सिएलात एनडीएम नावाचं जनुक होतं आणि ओएक्सए-४८ च्या घराण्यातलं आणखी एक. ई. कोलायमध्येही एनडीएम होतं. म्हणजे बहुधा आप्पांच्या आतड्यातच ही देवघेव झाली असावी.

एनडीएममधलं एनडी म्हणजे न्यू दिल्ली. स्वीडनमध्ये राहणारे भारतीय वंशाचे एक ५९ वर्षांचे गृहस्थ दिल्लीच्या हॉस्पिटलात उपचार घेऊन परतले, तेव्हा २००८ मध्ये त्यांच्या लघवीतल्या क्लेब्सिएलात हे जनुक पहिल्यांदा सापडलं. २००९ च्या शेवटी ते प्रसिद्ध झालं आणि नावावरून आपल्याकडे मोठा गदारोळ उठला. त्याच माणसाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक निघालं होतं, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मी त्या चार कागदांकडे पुन्हा पाहिलं. लघवीत क्लेब्सिएला, शौचात ई. कोलाय. पंधरा वर्षांनी तीच मांडणी आमच्या आप्पांची.

औषध कसं निवडलं, तेही त्यांनी सांगितलं. अ‍ॅझट्रिओनाम नावाच्या अँटिबायोटिकला एनडीएम फोडू शकत नाही, पण अशा जंतूंकडे दुसरीही विकरं असतात आणि ती त्याला फोडतात. अ‍ॅव्हिबॅक्टम त्या दुसऱ्या विकरांना रोखतं. ते एकटं मिळत नव्हतं, सेफ्टाझिडाइमसोबत एकाच कुपीत मिळायचं. म्हणून ती कुपी आणि अ‍ॅझट्रिओनाम एकाच वेळी द्यायचं. त्यांनी मोबाइलवर आप्पांचे जंतू वाढवलेल्या थाळीचा फोटो दाखवला. एका औषधाची चकती, शेजारी दुसरीची. सगळ्या थाळीवर जंतूंची साय धरलेली, चकत्यांच्या बाहेरच्या कडांपर्यंत आलेली. फक्त दोन चकत्यांच्या मधली जागा काचेसारखी स्वच्छ होती, दोन्ही औषधं जिथं एकत्र पोचली तिथं जंतू वाढलेच नव्हते. दादा त्या फोटोकडे खूप वेळ बघत राहिला. आम्हाला दिसलेली पहिली आशा ती होती. एकेका दिवसाचं औषध आमच्या महिन्याच्या खर्चापेक्षा महाग होतं. तुरीचे पैसे गेले, माझी एफडी मोडली, दादानं सोसायटीचं कर्ज काढलं.

श्वासनळीतल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरसाठी मात्र त्यांनी काहीच द्यायचं नाही असं ठरवलं, आणि इथं मी भांडले. रिपोर्टवर जंतूचं नाव छापलेलं आहे, समोर आरची रांग आहे आणि तुम्ही त्याला मोकळा सोडताय? आयसीयूच्या डॉक्टरांनी मला छातीचा एक्स-रे दाखवला. स्वच्छ होता. स्राव थोडा आणि पातळ होता, ऑक्सिजन कमी लागत होता. "तो तिथं बसलाय, पण त्यानं आजार केलेला नाही. मी त्याच्यावर औषध सोडलं तर तो जाईलच असं नाही. आतड्यातले उरलेसुरले चांगले जंतू मात्र नक्की मरतील आणि आणखी निबर कुणीतरी ती जागा धरेल. ताप कशाचा आहे ते बघूया, कागदावर कशाचं नाव आहे त्याच्या मागं नको लागायला." जंतू अंगावर बाळगणं आणि जंतूनं आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या रात्री पहिल्यांदा समजलं. पटायला आणखी आठवडा लागला. अ‍ॅसिनेटोबॅक्टरनं शेवटपर्यंत काही केलं नाही.

पाचव्या दिवशी ताप उतरला. त्याच आठवड्यात गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी तिथं घेतली. मग रक्तदाबाचं औषध सुटलं, मग व्हेंटिलेटर. त्या खोलीत मी रोज दोनदा गाऊन घालून जायचे आणि लोकांचे हात बघायची मला सवयच लागली. कोण आत येताना सॅनिटायझर घेतं, कोण नुसतं जाताना घेतं, कोण पलंगाच्या कठड्याला हात लावून त्याच हातानं पेन उचलतं. एकदा राउंडला आलेले एक मोठे डॉक्टर हातमोजे न घालताच आप्पांच्या पोटाला हात लावायला वाकले. तेविशीतली एक सिस्टर, केरळची, तोडक्या मराठीत म्हणाली, "सर, ग्लोव्हज पाहिजे." खोलीत शांतता. सर मागं गेले, हात धुतले, मोजे घालून आले. त्या मुलीचे हात थरथरत होते, ते मी पाहिलं.

खोली पुसायला येणाऱ्या मावशी सगळ्यात काळजीनं काम करायच्या. पलंगाचे कठडे, सलाईनचा स्टँड, दाराची कडी, नळाची तोटी. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, माझ्या घरी तान्हं हाय. हे माझ्याबरोबर घरला येईल का?" त्यांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी संसर्ग-नियंत्रणाच्या सिस्टरना बोलावून त्यांच्यासमोर बसवलं. हात नीट धुतले, मोजे गाऊन इथंच काढून टाकले, तर धडधाकट माणसाला आणि घरच्या बाळाला फारसा धोका नाही. धोका पलीकडच्या खोलीत आहे, जिथं कुणाला नळ्या घातलेल्या आहेत, कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणलेली आहे. मावशींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

२९ व्या दिवशी आप्पांना घरी नेलं. गळ्याचं छिद्र मिटत आलेलं, लघवीची नळी तशीच. प्रोस्टेटचं ऑपरेशन ताकद आल्यावर. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्याच ओळीत जंतूंची नावं, जनुकांची नावं, आणि सगळे रिपोर्ट जोडलेले.

सोलापूरचा कागद दादानं मागाहून आणला. अर्ज केल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रं द्यायची, असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे. दादाला तीन खेपा माराव्या लागल्या. रक्तात क्लेब्सिएला, मेरोपेनेमसमोर आर. खाली रिपोर्ट तयार झाल्याची तारीख. दाखल केल्यापासून सहावा दिवस. अकराव्या दिवशी आम्ही निघालो तोवर आप्पांना मेरोपेनेमच चालू होतं. तो कागद लॅबमधून वॉर्डात गेला की नाही, गेला तर कुणी वाचला की नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मधल्या पाच दिवसांचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. 'कुठल्याच औषधाला न मरणारा जंतू.' भेटायला येणारे ओसरीवरूनच बोलायचे. चुलत्यांच्या घरून कण्या यायच्या, पण भांडं परत न्यायला कुणी यायचं नाही. आप्पांनी स्वतःच ताट-तांब्या वेगळा केला आणि दादाच्या सहा वर्षांच्या मुलाला जवळ येऊ देईनात. मी पुण्याला सिस्टरना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. शौचानंतर साबणानं हात धुवायचे, त्यांनी आणि नळीची पिशवी रिकामी करणाऱ्यानं. टॉवेल वेगळा. संडास-मोरी रोज धुवायची. जेवण एकत्र चालेल, नातवाला मांडीवर घेतलं तरी चालेल. फोन संपायच्या आत आईनं पोराला उचलून आप्पांच्या मांडीवर ठेवलं. आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान फिरवली.

देव्हाऱ्याखालचा डबा मी त्याच दिवशी रिकामा केला.

खरी परीक्षा फेब्रुवारीत आली. आप्पा हिंडूफिरू लागले होते, ऑपरेशन करायचं होतं, आणि पुण्याचा खर्च आता झेपणारा नव्हता. मी दुसरीकडे चौकशी केली. पहिल्या ठिकाणी तारीख ठरली, मी रिपोर्ट दाखवले, आणि संध्याकाळी फोन आला की वेगळी खोली नाही. दुसऱ्या ठिकाणी काउंटरवरच सांगितलं, अशी केस आम्ही घेत नाही. त्या रात्री दादा म्हणाला, "या खेपेला सांगू नकोस. नळी आहे तोवर जंतू जाणार नाहीत असं तेच म्हणतात, आणि नळी काढायला कुणी घेत नाही. सहा महिने झाले. आप्पांनी काय मरेपर्यंत पिशवी वागवायची?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. खरं सांगितलं की दार बंद होतं, मग माणसं लपवायला शिकतात. जो सांगतो त्याला शिक्षा करणाऱ्या हॉस्पिटलांचा मला राग आहे, आणि तो जाणारा नाही. पण मला फरशीवर पसरलेली ती फाईल आठवत होती, आणि पलीकडच्या खोलीतला माणूसही. मी म्हणाले, "दादा, आपल्याला कुणीतरी सांगितलं नव्हतं म्हणून आपण इथवर आलो." तो उठून अंगणात गेला. सकाळी त्यानंच तिसऱ्या सर्जनचा नंबर आणला.

त्या सर्जननी फाईल पहिल्या पानापासून वाचली. म्हणाले, "आधी सांगितलंत ते फार बरं केलंत, आता मला नीट ठरवता येईल." ऑपरेशनच्या पाच दिवस आधी नळी बदलून लघवीचं कल्चर केलं. त्यात ई. कोलाय निघाला, फॉस्फोमायसिनसमोर एस. एवढी एक ओळ. तिच्या आधारावर औषध ठरलं. त्या दिवशीच्या यादीत आप्पांचा नंबर शेवटचा ठेवला, म्हणजे मागाहून थिएटर पूर्ण धुता येईल. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. दुपारी आप्पा बाथरूममधून भिंतीला धरत बाहेर आले आणि आईकडे पाहून नुसती मान हलवली. सात महिन्यांनी पहिल्यांदा.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा स्वॅब केला. क्लेब्सिएला सापडला नाही, ई. कोलाय अजून होता. क्लेब्सिएला गेला का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सापडला नाही, एवढंच लिहा. थोडे उरले असतील तर दिसत नाहीत, आणि पुन्हा एखादं अँटिबायोटिक झालं की तेच वर येतात."

तो रिपोर्ट घेऊन मी गावी गेले. आप्पा म्हणाले, "तू पुण्याला, दादा कारखान्यावर. रात्री-अपरात्री काही झालं तर हिनं काय सांगायचं? हिला ती इंग्रजी नावं कुठं येतात?" मग मी जाड पेन घेतलं आणि निळ्या फाईलवर मराठीत लिहिलं: 'यांच्या अंगात औषधांना दाद न देणारे जंतू आहेत. औषध देण्याआधी आतला पहिला कागद वाचा. वेगळी खोली द्या.' आईनं ते दोनदा वाचून घेतलं. फाईल ट्रंकेत ठेवायला गेली, झाकण उघडून तशीच उभी राहिली, आणि परत आली. "ट्रंकेत घाईत सापडायची नाही," म्हणाली. दाराशेजारच्या खुंटीवर आप्पांची टोपी असते. तिथं तिनं पिशवीत घालून ती फाईल अडकवली.